आबे फारिया : भीतीचे बळ कोठे असते?

सावंतवाडीहून बांद्यामार्गे गोव्यात जाताना पत्रादेवीला हद्द ओलांडावी लागते. पुढे पेडणे, धारगळ मागे टाकीत गाडी कोलवाळच्या पुलावर येते. खालून शापोरा नदी वाहते. अलीकडचा काठ पेडणे तालुक्याचा, पलीकडचा बार्देशचा. पेडणे व डिचोली भागात कुटुंबांच्या भेटीसाठी आमचे अधूनमधून जाणे होते, आणि हा पूल ओलांडताना एका माणसाची आठवण हटकून येते. त्यांचे घराणे याच कोलवाळचे. नाव जोझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. आबे हा फ्रेंच भाषेत धर्मगुरूच्या नावाआधी लावायचा शब्द आहे.

पणजीला गेलेल्या वाचकांनी त्यांचा पुतळा पाहिला असेल. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, लांब झगा घातलेले एक धर्मगुरू उभे आहेत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आहेत आणि समोर एक स्त्री निद्रेत कोसळत आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. पाहणाऱ्याला वाटते, या धर्मगुरूंच्या बोटांतून काही अद्भुत शक्ती निघते आहे. गंमत अशी की, आपल्या हातांत अशी कोणतीही शक्ती नाही, हेच सांगण्यात फारियांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. त्यासाठी त्यांचे हसे झाले, तरी त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.

फारिया रोमन कॅथॉलिक धर्मगुरू होते, आपल्या पंथाचे नव्हते. पण चारचौघांत बोलायला उभे राहताना ज्याचे पाय लटपटले आहेत, अशा प्रत्येकाने त्यांचे चरित्र वाचावे असे आम्हांला वाटते.

बालपण आणि घर

फारियांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बार्देशातील कांदोळी या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील कायतानो व्हितोरिनो द फारिया हे कोलवाळचे. आईचे नाव रोझा मारिया द सौझा. वडिलांचे घराणे मूळ सारस्वत ब्राह्मणांचे. काही पिढ्यांपूर्वी पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या काळी कोलवाळची नदी ही दोन राज्यांमधली सीमा होती. बार्देश पोर्तुगिजांकडे आणि पलीकडचे पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज राज्यात कायमचे आले. तोवर फारिया गोव्यात उरले नव्हते.

घरची परिस्थिती वेगळीच होती. वडिलांनी तरुणपणी धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून लग्न केले होते. पुढे पती-पत्नीचे पटेना. मुलगा लहान असतानाच दोघांनी चर्चची परवानगी घेऊन वेगळे व्हायचे ठरवले. वडिलांनी राहिलेले शिक्षण पुरे करून धर्मगुरूची दीक्षा घेतली. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण म्हणून गेली आणि पुढे त्या मठाची प्रमुख झाली. मुलगा वडिलांजवळ राहिला. आईबाप दोघेही देवाच्या सेवेत, पण घर मात्र मोडलेले, असे ते बालपण होते.

१७७१ साली वडील मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला निघाले. नोव्हेंबरात ते तेथे पोहोचले तेव्हा मुलाचे वय पंधरा वर्षांचे होते. त्यानंतर त्याने गोव्याची भूमी पुन्हा पाहिली नाही. वडील मोठे खटपटी होते. त्यांनी राजाचा आश्रय मिळवला आणि पितापुत्र रोमला गेले. वडिलांनी तेथे धर्मशास्त्रातील पदवी घेतली. मुलगा मिशनकार्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांना तयार करणाऱ्या रोमच्या विद्यालयात दाखल झाला. १७८० साली त्याला दीक्षा मिळाली, धर्मशास्त्रातील पंडिताची पदवीही मिळाली. पवित्र आत्म्याविषयी त्याने लिहिलेला प्रबंध पोपना आवडला आणि त्यांनी या गोवेकर तरुणाला आपल्या खास चॅपेलमध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी उपदेश करायला बोलावले, असे सांगतात.

राणीसमोरचे व्यासपीठ

यानंतरचा प्रसंग गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. फारिया लिस्बनला परतल्यावर राणी मारिया यांनीही त्यांना आपल्या चॅपेलमध्ये उपदेशासाठी बोलावले. ठरलेल्या दिवशी ते पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. समोर राणी, सरदार, दरबारातले मोठमोठे धर्माधिकारी. फारियांनी त्या सभेवर नजर टाकली आणि त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. शब्द फुटेना.

वडील व्यासपीठाखालीच बसले होते. मुलाची अवस्था त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी हळूच, कोकणीत, त्याला एवढेच सांगितले की ही समोरची सगळी भाजी आहे, काप ही भाजी. मुलाने ते ऐकले आणि त्याच्या अंगात जणू वीज संचारली. भीती गेली. पुढचा उपदेश त्यांनी अस्खलित केला.

हा प्रसंग वाचताना आम्हांला आमचा पहिला उपदेश आठवतो. समोर राणी नव्हती. आमच्याच मंडळीतली साठ-सत्तर माणसे होती, त्यांतली निम्मी आमच्या नात्यातली. तरी गीत संपले आणि आमच्या हातातला कागद थरथरू लागला. आठवडाभर पाठ केलेले पहिले वाक्य कोठे गेले ते कळेना. शेवटच्या बाकावर बसलेल्या आमच्या आईने पदर सावरला आणि घरी जेवायला वाढताना आमच्याकडे पाहते तसे पाहिले. तेव्हा कोठे आमचा आवाज फुटला. ती एक शब्दही बोलली नव्हती.

म्हणून फारियांच्या गोष्टीविषयी आम्ही बराच विचार केला आहे. पोटभर हसून सोडून द्यावी अशी ती गोष्ट नाही. फारिया काही अडाणी नव्हते. विषय त्यांना येत होता, पोर्तुगीज भाषा येत होती. मग त्यांना कशाने गप्प केले? ते वसाहतीतून आलेले, सावळ्या वर्णाचे तरुण होते. गोव्यातल्या देशी धर्मगुरूंना वरची पदे मिळत नसत, आणि ती नाकारणारी माणसे समोर रांगेने बसली होती. त्या नजरांपुढे आपण कोण, हाच प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला असावा. वडिलांच्या शब्दांनी दोन कामे केली. एक, समोरच्यांचा मोठेपणा क्षणभर पुसून टाकला. दुसरे, ते शब्द कोकणीत होते. त्या दरबारात ती भाषा कळणारे जवळजवळ कोणीच नसणार. ती घरातली भाषा, स्वयंपाकघरातली, विळीवर भाजी चिरणाऱ्या बायांची भाषा. आपण कोठून आलो आणि कोणाचे आहोत, हे तिने त्यांना आठवून दिले. आमच्या मते खरे औषध हे दुसरे होते. कारण उपदेशकाने मंडळीला भाजी समजणे काही बरे नव्हे. जिच्यावर प्रीती करायची तिला तुच्छ लेखून बोलता येत नाही. पण आपली ओळख आठवणे, हे मात्र सर्वांना करता येते.

पॅरिसमधील वर्षे

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला. देशी धर्मगुरूंना डावलले जाते ही त्याच्या मुळाशी असलेली एक मोठी तक्रार. कटातील प्रमुख धर्मगुरू लिस्बनला असताना फारिया पितापुत्रांच्या संपर्कात होते, म्हणून वडिलांवरही संशय आला. गोव्यात अनेकांना पकडण्यात आले, काहींना देहान्ताची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १७८८ मध्ये, फारिया पॅरिसला गेले. वर्षभरात तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला आणि या धर्मगुरूनेही त्यात उडी घेतली. १७९५ च्या एका उठावात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग आम्ही येथे वाढवीत नाही. अलेक्झांडर ड्यूमा यांच्या १८४४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या काउंट ऑफ माँटे क्रिस्टो या कादंबरीत आबे फारिया नावाचा कैदी येतो, तो या नावावरून घेतलेला. पण कादंबरीतला कैदी इटालियन आहे आणि त्याची कथा कल्पित आहे.

पुढे १८११ मध्ये फारिया मार्सेय येथील विद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. तेथून नीम येथे बदली झाली. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि त्यांनी क्लिशी रस्त्यावरील एका घरात जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशासाठी पाच फ्रँक पडत. विषय होता मनुष्याला आणता येणारी निद्रा, जिला ते सजग निद्रा म्हणत. आज आपण तिला संमोहन म्हणतो.

त्या काळी या विषयावर मेस्मर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरची छाप होती. आपल्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह निघतो, तो रोग्यात शिरतो आणि रोगी बरा होतो, असे मेस्मर सांगत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने हे तपासले. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए हे त्या समितीत होते. त्यांनी निकाल दिला की असा कोणताही प्रवाह नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. एवढे म्हणून त्यांनी विषय मिटवला. फारिया तेथेच थांबले. प्रवाह नसताना केवळ कल्पनेने माणसाचे अंग जड होत असेल, वेदना थांबत असेल, तर ती कल्पना काय चीज आहे हे पाहायला नको का, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची रीत साधी होती. समोरच्या माणसाला आरामखुर्चीत बसवावे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगावे आणि मग मोठ्या आवाजात झोपण्याची आज्ञा द्यावी. काही जण झोपत, काही झोपत नसत. ज्याला झोप लागली त्याची ती तयारी त्याच्या ठायीच होती, निद्रा आणणाऱ्यापासून त्याच्यात काही गेले नाही, असे फारियांनी ठामपणे मांडले. सगळे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात. अमुक माणसाचे रक्त पातळ असते म्हणून त्याला लवकर झोप येते, असेही ते म्हणत. ते चुकीचे ठरले. पण मुख्य गोष्ट त्यांनी अचूक पकडली होती.

आम्हांला येथे लिस्बनचे व्यासपीठ आठवते. राणीच्या नजरेतून तरी कोणता प्रवाह निघाला होता? तिने काहीच केले नव्हते. जीभ बांधली ती फारियांच्याच मनाने, आणि सोडली तीही त्याच मनाने. वडिलांच्या शब्दाने फक्त निमित्त केले. फारियांनी आपल्या सिद्धांताचा उगम त्या प्रसंगात आहे असे लिहिले, असा आमचा दावा नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी उभ्या आहेत.

हसे झाले तेव्हा

वर्गांना गर्दी होऊ लागली तसे शत्रूही वाढले. धर्मपुढाऱ्यांना हा सैतानी खेळ वाटला. मेस्मरच्या अनुयायांना आपली विद्या बुडेल ही भीती. एका नटाने तर झोप लागल्याचे सोंग केले आणि मग एकाएकी डोळे उघडून फारियांची भर सभेत फजिती केली. १८१६ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात त्यांच्यावर विडंबन नाटक लागले आणि सारे शहर हसू लागले. एका माणसाच्या लबाडीने त्यांची वर्षांची मेहनत मातीमोल झाली. वर्ग बंद पडले.

त्यांच्या मनाची खरी परीक्षा येथे झाली असे आम्हांला वाटते. या वेळी व्यासपीठाखाली वडील बसलेले नव्हते. गाव हजारो मैल दूर, वय साठीचे, हाती पैसा नाही. अशा वेळी माणूस कडवट होतो, किंवा आपले म्हणणे सोडून देतो. फारिया यांपैकी काहीच झाले नाहीत. एका मठात धर्मगुरूचे साधे काम त्यांनी पत्करले आणि ते लिहायला बसले. सजग निद्रेच्या कारणांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांच्या कबरेवर नाव नाही.

नाव राहिले ते विचारात. त्यांच्याकडून शिकलेले सेनाधिकारी नुआझे यांनी त्यांचे मत जपले. पुढे नान्सी शहरातील लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम, हे प्रस्थापित केले. १९०६ मध्ये गोव्याचे डॉ. दालगादो यांनी फारियांचा ग्रंथ पुन्हा छापून आणला. पोर्तुगालचे एगास मोनिझ, ज्यांना १९४९ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनीही १९२५ मध्ये फारियांवर पुस्तक लिहिले.

आपण काय घ्यावे?

फारियांच्या वाटेवरूनच पुढे एमिल कुए आले. लिएबोंच्या हाताखाली शिकलेले हे औषधविक्रेते रोग्यांना सांगत की आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत अशा अर्थाचे एक वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणा. ही पद्धत जगभर गाजली. आजही परीक्षेला निघालेल्या मुलाला आपण सांगतो की मी हुशार आहे, मला जमेल, असे मनात घोकत राहा. पण एवढ्याने भागते का? कॅनडातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासले. आपण प्रेम करण्याजोगे आहोत असे वाक्य घोकल्यावर, ज्यांना स्वतःविषयी आधीच बरे वाटत होते त्यांना थोडे अधिक बरे वाटले. ज्यांचे मन खचलेले होते त्यांना मात्र उलट अधिक वाईट वाटले. तोंडाने एक म्हणावे आणि मनाने ते नाकारावे, असे झाले.

दुसरी एक रीत आहे. तिचा पाया अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये घातला. त्यांचे म्हणणे असे की, कोणी आपल्या एका बाजूवर घाव घातला तर माणूस संपूर्ण आपणच धोक्यात आलो असे समजतो. अशा वेळी आयुष्यातली दुसरी, आपल्याला मनापासून मोलाची वाटणारी गोष्ट त्याला आठवली, तर तो घाव त्याच्या मापाएवढाच दिसू लागतो. २००५ मध्ये डेव्हिड क्रेसवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथे विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कठोर चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचे होते आणि तोंडी वजाबाकी करायची होती. त्याआधी काहींना आपल्याला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीचा विचार करायला लावले, काहींना तसे नाही. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचे द्रव्य वाढते. ज्यांनी मोलाच्या गोष्टीचा विचार केला होता त्यांच्यात ते बरेच कमी वाढले.

राणीसमोरचे फारिया आणि त्या परीक्षकांसमोरचे विद्यार्थी यांत फार अंतर नाही. या रीतीला मर्यादाही आहेत. शाळांतून केलेल्या काही प्रयोगांत मुलांच्या गुणांत चांगली वाढ दिसली, पण मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्यावर सगळीकडे तेवढे फळ आले नाही. अभ्यास न करणाऱ्याला ती पास करणार नाही. ज्याला येते आहे पण भीतीने गप्प बसवले आहे, त्याला मात्र ती हात देते.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमचे एक सुचवणे आहे. नाताळच्या कार्यक्रमात वचन म्हणताना मूल अडखळते, किंवा दहावीच्या परीक्षेआधी त्याच्या पोटात गोळा येतो. तेव्हा त्याला तू हुशार आहेस, घाबरू नकोस असे सांगून सोडू नये. त्याला वही द्यावी आणि दहा मिनिटे लिहायला सांगावे की तुला सर्वांत मोलाचे काय वाटते आणि का. आजीची सेवा, मित्राशी इमान, खरे बोलणे, प्रार्थना, गायन, त्याला वाटेल ते. ते कोणाला दाखवायची सक्ती नसावी, शुद्धलेखन तपासू नये. ते त्याच्या घरच्या भाषेत असावे. पेडण्याचे मूल असेल तर पेडण्याच्या बोलीत, डिचोलीचे असेल तर तिकडच्या बोलीत.

पवित्र शास्त्रात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दावीद सिकलागला परतला तेव्हा गाव जळून गेले होते, बायकामुले धरून नेली होती, आणि त्याचीच माणसे त्याला दगडमार करण्याच्या गोष्टी बोलत होती. त्या घटकेला दावीदाने आपण थोर योद्धा आहोत असे स्वतःला सांगितले नाही. आपला देव कोण हे त्याने आठवले आणि त्यात बळ धरले. मगच पुढे काय करायचे ते त्याने विचारले. स्वतःची स्तुती करणे आणि आपण कोणाचे आहोत हे आठवणे, यांतला भेद तेथे स्पष्ट दिसतो.

आम्ही अजूनही व्यासपीठावर जाण्याआधी घाबरतो. वीस वर्षे झाली तरी ते गेलेले नाही. फरक एवढाच की आता शेवटच्या गीताच्या वेळी आम्ही उपदेशाचे पहिले वाक्य घोकीत बसत नाही. आईचा तो चेहरा आठवतो, ज्याने बोलावले त्याला आठवतो, आणि उभे राहतो. पणजीला पुन्हा जाल तेव्हा त्या पुतळ्यासमोर क्षणभर थांबा. हात पुढे केलेले धर्मगुरू सर्वांनाच दिसतात. तो हात रिकामा आहे, हे पाहून या.